निव्वळ वजन ९४० ग्रॅम

२ मार्च, रविवार. सकाळी ९.

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. ती कुठे ठेवतो ते वहीत लिहीत नाही, म्हणजे कोणाच्या हाती लागली तरी त्याला पत्ता लागणार नाही.

काल दुकानातून साल्साची, म्हणजे चिप्सबरोबर खायच्या टोमॅटोच्या चटणीची, बाटली आणली. लेबलवर निव्वळ वजन ३०० ग्रॅम. घरी मोजलं तर २८८. बारा ग्रॅम गेले कुठे? वजनमापं तपासण्याच्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लोक बारा ग्रॅमला गंडवतात, तर साध्या माणसाचं काय होत असेल? ही म्हणाली, बाटलीला आतून चिकटलेलं धरलं का. धरलं होतं. चमच्याला चिकटलेलं धरलं नव्हतं, पण ते हिला सांगितलं नाही. बायकोला सगळंच सांगितलं की तिला पुढचे प्रश्न सुचतात.

निश्चय: यापुढे साल्सा घरी. ताजा. माझ्या हाताने आणि माझ्या डोळ्यांदेखत.

त्याच दिवशी, दुपारी ४.

केला! टोमॅटो ६००, कांदा २००, वर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, लसूण, दोन लिंबांचा रस आणि मीठ. सगळं बारीक चिरून काचेच्या बरणीत भरलं. निव्वळ वजन ९४० ग्रॅम. एक बीसुद्धा वाया घालवलं नाही.

चिरत असताना सासरेबुवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे चार महिने झाले, ते आमच्याकडेच आहेत. छोट्या खोलीत. त्या खोलीत माझं टेबल आणि तराजू असायचा, तो आता कपाटाच्या वर आहे. तक्रार नाही, फक्त नोंद.

म्हणाले, टोमॅटोच्या बिया काढून टाका आणि मीठ आयत्या वेळी घाला. चौतीस वर्षं एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते, त्यामुळे घरात कोणी सुरी हातात घेतली की यांना राहवत नाही. आता विचार केला पाहिजे. बिया काढल्या तर शंभरेक ग्रॅम माल कमी भरतो. माझा माल कमी भरावा असं यांना का वाटावं? मी नम्रपणे सांगितलं की या घरात वजनात कपात चालत नाही. ते 'बरं' म्हणाले आणि खोलीत गेले. इतक्या चटकन 'बरं' म्हणणाऱ्या माणसावर लक्ष ठेवावं लागतं, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

चव घेतली. वा! काल संध्याकाळी जरा पळीवाढा वाटला होता, आज चमच्यावर चक्क ढीग उभा राहतो. कोथिंबीर कालच्यापेक्षा हिरवी. म्हणजे साल्सा रात्रभर मुरला की घट्ट होतो. हे आजवर कोणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. मीच ठेवतो.

४ मार्च, मंगळवार.

आमच्या ऑफिसात मंगळवारी सगळे डबे एकत्र उघडतात. बरणी मध्ये ठेवली. पाच मिनिटांत तळ दिसला. आवक-जावक टेबलावरची बाई, जिने सव्वीस वर्षांत माझ्या कशालाही चांगलं म्हटलेलं नाही, तिने तीनदा वाढून घेतला. इतकं गोड का वागतेय? तिचा रजेचा अर्ज अडकला असेल काय? चौकशी केली. अडकलेला नाही. म्हणजे साल्साच चांगला होता.

साहेबांनीही चमचाभर खाल्ला. साहेब २८ तारखेला रिटायर होतायत. निरोपाच्या जेवणाला साल्सा माझ्याकडे, असं कॅन्टीनवाल्यासमोर सगळ्यांनी ठरवून टाकलं. साहेबांच्या खुर्चीवर पुढे कोण, ते वरून अजून ठरलेलं नाही. मी त्याबद्दल काहीच म्हणत नाही.

घरी येऊन लेबलचा मजकूर तयार केला. 'निव्वळ वजन: खरोखर एवढंच.' कन्येला वाचून दाखवला. तिने कानातलं गाण्यांचं यंत्र न काढता मान हलवली.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१५.

कालची नवी बरणी ऑफिसला न्यायच्या आधी सवयीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि पायाखालची जमीन सरकली. रात्री ९४०, आता ८१८. एका रात्रीत एकशे बावीस ग्रॅम गायब!

काटा तपासला. काटा ठीक आहे. माझाच आहे.

म्हणजे घरात कोणीतरी हात मारतंय. दुकानदाराने बारा मारले होते, इथे त्याच्या दहापट. बाहेरच्यांवर सव्वीस वर्षं छापे घातले आणि आपल्याच फ्रिजमध्ये हा प्रकार.

संशयित तीन. एक, ही. हिला कामाच्या दिवशी कच्चा कांदा चालत नाही, शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांशी बोलावं लागतं. तरी नाव ठेवलंय. दोन, कन्या. पहाटे पाचला उठते, परीक्षेचा अभ्यास करते म्हणते. म्हणते. तीन, सासरेबुवा. हेही पाचलाच उठतात, कशासाठी ते कधी सांगत नाहीत.

९ मार्च, रविवार.

तीन रात्री मोजमाप चालू आहे. गुरुवारी १०५ गेले, शुक्रवारी ११८, काल ९७. रात्री झोपण्यापूर्वी वजन बरोबर, सकाळी सातला कमी. चोर नेमाने येतो आणि मापाचा पक्का आहे, एकदाही सव्वाशेच्या वर गेलेला नाही. चव मात्र रोज सकाळी उत्तम. एवढं सगळं गेल्यावरही माल असा राहतो, यावरून माझी कृती किती भक्कम आहे ते दिसतं.

हिला अंदाज घेण्यापुरतं विचारलं, घरात कोणाला हल्ली फार भूक लागते का. ही म्हणाली, बाबांना अजिबात लागत नाही, आई गेल्यापासून अर्धंच जेवतात. मी मनातल्या मनात म्हटलं, अर्धं इथे, अर्धं पहाटे.

१३ मार्च, गुरुवार.

कन्येची परीक्षा संपली. आज कॉलेजच्या अभ्यास-सहलीला गेली, २९ ला येईल. जाताना आजोबांच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघं हसले. मी जवळ गेलो तर गप्प. मला पाहून गप्प होणाऱ्या लोकांची संख्या घरात वाढत चालली आहे.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.

कन्या घरात नाही, तरी ११० ग्रॅम गेले. एक नाव खोडलं. ही सहाला उठते, त्याआधी दरवाजा वाजला तरी हलत नाही. दुसरं नाव खोडलं.

उद्या पहाटे पाळत.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ८.

४.३० ला उठलो. पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे छोट्या स्टुलावर बसलो. तिथून फ्रिजचा दरवाजा आणि ओट्याचा कोपरा सरळ दिसतो. डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

५.४० ला जाग आली. उजवा पाय मेल्यासारखा झाला होता. पण नशीब जोरावर! स्वयंपाकघराच्या खिडकीशी सासरेबुवा उभे. हातात कप. कपात लाल पातळ काहीतरी. घोट घोट घेत होते, आणि पांढऱ्या मिशीला लाल रंग. ओट्यावर मोठी गाळणी धुऊन पालथी घातलेली. म्हणजे खाऊन वर पुरावे धुण्यापर्यंत मजल गेली आहे. चौतीस वर्षं कॅन्टीनमध्ये हेच केलं असणार.

उठून रंगेहाथ पकडणार होतो, पण पाय उचलेना. ते बाहेर जाताना माझ्या जवळून गेले. मला स्टुलावर बघून म्हणाले, झोप येत नाही का, मला उठवायचं. काय साळसूदपणा! मी म्हटलं, मशीनचा आवाज तपासत होतो. मशीन बंद होतं, हे नंतर लक्षात आलं.

हिला अजून काही सांगायचं नाही. आधी भक्कम पुरावा, मग कारवाई.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी.

सील करायचं ठरवलं. खात्याचं सील खासगी कामाला वापरणं नियमात बसत नाही, त्या बाबतीत मी स्वतःलाही सवलत देत नाही. घरची लाख, घरचा दोरा. बरणीचं झाकण लावून दोरा चारही बाजूंनी गुंडाळला, गाठीवर लाख, लाखेवर अंगठ्याचा ठसा, वर कागदाची पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ, वजन आणि सही. ९४० ग्रॅम. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवली.

ही बघत राहिली. म्हणाली, हे काय. मी म्हटलं, हायजीन.

सासरेबुवा पाणी घ्यायला आले. फ्रिज उघडला. बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पाणी न घेताच फ्रिज लावला. संध्याकाळच्या बातम्या आम्ही एकत्र बघतो, आज आले नाहीत. अपराधी माणूस असाच वागतो.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ७.

सील शाबूत. दोरा शाबूत. ठसा माझाच. वजन ९४०, गुंजभरही कमी नाही. जिंकलो!

७.१०. सील फोडलं. बरणीत खाली तीन बोटं पाणी.

खुर्चीवर बसलो. वजन तेवढंच, पण माल पातळ. याचा अर्थ एकच. घन माल काढला आणि बरोबर तेवढ्याच वजनाचं पाणी घातलं. ग्रॅमला ग्रॅम! आणि सील न तोडता! हा साधा चोर नाही. सव्वीस वर्षांत असा माणूस माझ्या समोर आला नव्हता. लाख गरम करून उचलली असेल, ठसा परत उठवला असेल. आचाऱ्याचे हात, कशानेही भाजत नाहीत.

हिला दाखवलं. ही म्हणाली, मिठाने टोमॅटोला पाणी सुटतं, शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, मग पहिले पंधरा दिवस का नाही सुटलं? हिने डबा उचलला आणि शाळेला निघाली. वडिलांच्या बाजूचं विज्ञान असं एका प्रश्नात आडवं होतं.

दुपारी. ऑफिसात बरणी उघडली. आवक-जावक बाईने एक चमचा घेतला आणि तिचा हात शेजारच्या डब्याकडे वळला. तिला कोणी फितवलं ते बघायला हवं.

२० मार्च, गुरुवार. रात्री ९.

बुधवारी पाणी. आज पाणी. सील दोन्ही वेळा शाबूत. शेवटी कारवाई करावीच लागली. निरोपाचं जेवण आठ दिवसांवर आलं आहे, तिथे माझी पत आहे.

जेवणाच्या टेबलावर, हिच्यासमोर, शांतपणे सांगितलं. "बाबा, खायचं असेल तर मागून खा. चोरून खाऊन वर पाणी कशाला घालता?"

मला वाटलं होतं नाकारतील, चिडतील, आवाज चढवतील. सगळ्याला उत्तरं तयार होती. त्यांनी घास खाली ठेवला. हात पुसले. हिच्याकडे न बघता 'बरं' म्हणाले. उठून खोलीत गेले आणि दार हळूच ओढून घेतलं.

ही उठली आणि भांडी घासायला लागली. अजून घासते आहे. एकच पातेलं कितीदा घासायचं असतं?

गुन्हा कबूल झाला असं मी धरतो.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.

सकाळी साडू गाडी घेऊन आला. म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा, चार स्टॉप पुढे राहतो, सदा हसतमुख. सदा हसणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास नाही. सासरेबुवांची एक बॅग, एक पिशवी, रेडिओ. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. साडू आज हसला नाही.

ही ऑफिसला जाताना दारात थांबली. म्हणाली, "या घरात न विचारता फ्रिज उघडायला त्यांना चार महिने लागले होते." एवढंच बोलली आणि गेली. त्यानंतर फक्त कामापुरतं. दूध संपलंय. गॅस बुक करा.

मला काही वाटत नाही असं नाही. पण तत्त्व म्हणून एक गोष्ट असते. आता घर स्वच्छ झालं.

२२ मार्च, शनिवार.

छोट्या खोलीत टेबल परत लावलं. तराजू कपाटावरून खाली. पलंग मात्र हलवू दिला नाही हिने, त्यामुळे टेबल आणि पलंग यांच्यात मी कडेनेच मावतो. साल्सा केला. सील नाही, पाळत नाही, मोकळ्या मनाने फ्रिजमध्ये ठेवला. उद्या सकाळी बघायचंच आहे.

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.

पाणी. तीन बोटं.

घरात ही आणि मी. मी झोपलो होतो. ही माझ्या शेजारी झोपली होती, शिवाय तिची बाजू भिंतीकडे असते, म्हणजे मला ओलांडून जावं लागलं असतं. तरी वडिलांसाठी लेक काय करेल ते सांगता येत नाही. विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला.

२४ मार्च, सोमवार.

लक्षात आलं! टोमॅटोवाला. टोमॅटोतच पाणी भरून विकत असणार. वजन वाढवायला. मी हे आधीच ओळखायला हवं होतं. ऑफिसला जाण्यापूर्वी त्याच्याकडे गेलो आणि टोमॅटो उजेडात धरून सुईचं भोक शोधलं. अकरा टोमॅटो पाहिले. मागे बायकांची रांग झाली. तो म्हणाला, साहेब, टोमॅटोत पाणीच असतं. असं उर्मट उत्तर!

दुसऱ्या बाजारातून घेतले. चौपट पायपीट.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी.

पाणी.

डब्यांच्या वेळी बरणी बॅगेतच ठेवली. पोट बिघडलंय असं सांगितलं. कॅन्टीनवाला म्हणाला, शुक्रवारी तीन किलो लागेल, जमेल ना. मी म्हटलं, काळजीच नको.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी.

मीच टोमॅटो कमी घालून पाहिले, कांदा वाढवला. पाणी तेवढंच, डोळ्यांत मात्र जास्त. ही न राहवून म्हणाली, मीठ उद्या तिथे जाऊन घाला. सासरेबुवांचंच वाक्य. म्हणजे रोज फोन चालतात. आता त्यांचं ऐकून मीठ मागून घातलं तर मी हरलो असा निरोप चार स्टॉप पुढे पोहोचणार. मीठ आजच घालणार, नेहमीसारखं. सत्य माझ्या बाजूला आहे.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

तीन किलो साल्सा, स्टीलच्या मोठ्या डब्यात, दोन्ही हातांनी धरून नेला. झाकण उघडलं तेव्हा टोमॅटो आणि कांदा वर तरंगत होते. कॅन्टीनवाल्याने एकदा डब्यात पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चमचे काढून पळी ठेवली.

साहेबांनी कप भरून घेतला. दोन घोट प्यायले. म्हणाले, गार सूपची कल्पना छान आहे. सगळे हसले. साहेब मनापासून बोलत होते, हे जास्त लागलं. त्यांच्या नव्या शर्टावर चिप्सवरून एक थेंब पडला, तो मीच रुमालाने पुसला आणि पसरला.

निघताना आवक-जावक बाई माझ्या टेबलाशी आली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणाली, "त्या पहिल्या मंगळवारी आणला होता ना, तो फार सुंदर होता. तो कोणी केला होता?"

मीच, असं सांगितलं. तिने मान हलवली, पण खरं वाटलेलं दिसलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

२९ मार्च, शनिवार. दुपारी.

कन्या आली. आल्या आल्या छोट्या खोलीत गेली आणि तराजू बघून बाहेर आली. आजोबा कुठे? हिने तिला सहलीत त्रास नको म्हणून काही कळवलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. सील, पाळत, जेवणाचं टेबल, सगळं. मी मधे मधे दुरुस्त्या करत होतो.

कन्येने पाठीवरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, आजोबा रोज पहाटे तुमचा साल्सा गाळायचे."

ती पाचला उठायची तेव्हा तिने पाहिलं होतं. बरणी मोठ्या गाळणीत उपडी करायचे, पाणी निथळू द्यायचे, चमच्याच्या टोकाने शक्य तेवढ्या बिया काढायचे, वर ताजी कोथिंबीर चिरून घालायचे आणि बरणी पुसून होती तिथेच ठेवायचे. खाली निथळलेलं पाणी टाकवायचं नाही, म्हणून कपात घेऊन प्यायचे. शंभर-सव्वाशे ग्रॅम ते. तिने विचारलं होतं, बाबांना सांगू का. तर म्हणाले, नको, त्यांना जमलं म्हणून आनंद झालाय, होऊ दे. आणि म्हणाले होते, "मला या घरात तेवढंच एक काम मिळालंय."

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय निव्वळ वजनात घट करणं हे... कन्या उठून गेली. ही आधीच गेली होती. वाक्य तसंच राहिलं.

संध्याकाळी.

लाज वाटते आहे. दुसरं काही लिहायला नाही.

३० मार्च, रविवार.

साडूकडे गेलो. माफीचे तीन मुद्दे कागदावर लिहून खिशात ठेवले होते. दार साडूने उघडलं, हसला. आज मला ते हसणं बरं वाटलं.

सासरेबुवा स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, मेहुणीची दोन्ही मुलं ओट्यावर चढून बसलेली. मला बघून म्हणाले, या, बसा, आणि मागे न बघता फ्रिज उघडून माझ्यासाठी पाणी काढलं. त्यांच्यावर कोणाचंही लक्ष नव्हतं.

कागद काढला. पहिला मुद्दा वाचला. दुसरा वाचवेना. तोंडीच म्हटलं, बाबा, चुकलं माझं, घरी चला. खोली तुमची आहे, टेबल आजच काढतो.

त्यांनी सुरी खाली ठेवली. राग नव्हता चेहऱ्यावर, तो असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "जावईबापू, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण या वयात रोज वजन करून घेणं नाही जमत मला."

मग चहा दिला. टोमॅटो घट्ट सालीचे बघून घ्या म्हणाले. मी 'बरं' म्हणालो.

घरी हिने विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, विचार करतायत.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ८.

टेबल हलवलं. तराजू परत कपाटावर. पलंगावर नवी चादर घातली, हिने घडी नीट केली. माझा अंदाज असा की आठवड्याभरात परत येतील. माणूस बोलतो एक, मनात दुसरं असतं.

साडेसहाला ही छोट्या खोलीत फोन घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. बाबांचाच. म्हणजे माझ्यावरच चर्चा. मी काल काय बोललो, कसा बोललो, यावं की न यावं. मी पॅसेजमध्ये दाराला कान लावून उभा राहिलो. आपल्याबद्दल काय ठरतंय ते माणसाला कळायला नको?

पस्तीस मिनिटं बोलणं झालं. गुडघ्याचं नवं तेल, धाकट्याची शाळा, साडूच्या गॅलरीतली कुंडी, सासूबाई कोथिंबीर कशी निवडायच्या. ही दोनदा हसली. इतक्या दिवसांनी हसली म्हणून मी आणखी नीट ऐकलं. मग ठेवते म्हणाली आणि फोन ठेवला.

माझा विषय एकदाही निघाला नाही.